साइटची थीम पारखून कशी घ्यावी: इंदूरच्या मंडळांसाठी आणि छोट्या व्यावसायिकांसाठी

गणपती जवळ आले की इंदुरातल्या मराठी मंडळांना आपापल्या साइटची आठवण होते. कार्यक्रमांचं वेळापत्रक टाकायचं असतं, स्पर्धांची नावनोंदणी घ्यायची असते, देणगीदारांची यादी लावायची असते. राजेंद्रनगर असो की सुदामानगर, थोडंफार वर्डप्रेस (साइट बनवण्याचं आणि चालवण्याचं सॉफ्टवेअर) जाणणारा कुणाचा तरी भाचा किंवा पुतण्या असतोच. काम त्याच्याकडे जातं आणि दोन दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर एक झिप फाइल येते: "काका, पाच हजारांची थीम आहे, आपल्याला फुकट मिळाली." मुलाची नियत चांगली असते आणि काकांचा आनंदही खरा असतो. त्या झिपमध्ये काय आहे हे मात्र दोघांपैकी कुणीच पाहिलेलं नसतं.

थीम म्हणजे रंग, अक्षरं आणि मांडणी, एवढाच बहुतेकांचा समज असतो. वर्डप्रेसची थीम हा खरं तर पीएचपी भाषेत लिहिलेला प्रोग्राम आहे. चालू थीममधली 'फंक्शन्स डॉट पीएचपी' ही फाइल साइटचं प्रत्येक पान उघडताना चालते, आणि तिला साइटचे सगळे अधिकार असतात. ती डेटाबेस वाचू शकते, नवा अ‍ॅडमिन तयार करू शकते, सर्व्हरवर फाइल लिहू शकते, बाहेर कुठेही माहिती पाठवू शकते. थीमसाठी वेगळं कुंपण वर्डप्रेसमध्ये नाही. तुमच्या फॉर्ममध्ये शेजारच्या काकूंनी भरलेला मोबाइल नंबर, सभासदांचे पत्ते, मुलांच्या स्पर्धेसाठी दिलेल्या जन्मतारखा, हे सगळं थीम लिहिणाऱ्याच्या आणि ती तुमच्यापर्यंत पोचवणाऱ्याच्या भरवशावर असतं. म्हणून थीम निवडताना तीन गोष्टी विचाराव्यात: कुणी लिहिली, कुणाच्या हातून आली आणि पुढे कोण सांभाळणार. दिसते कशी, हा प्रश्न त्यानंतरचा.

आधी गरज कागदावर लिहा

मंडळ, शिकवणी वर्ग, घरगुती फराळाचा उद्योग यांचं काम साधारण सहा-सात पानांत भागतं. ओळख, कार्यक्रम किंवा वस्तूंची यादी, छायाचित्रं, संपर्क आणि एखादा फॉर्म. हे कागदावर उतरवा आणि तो कागद समोर ठेवूनच थीम बघा. नाहीतर डेमो बघता बघता सरकते फलक, फिरते आकडे, व्हिडिओची पार्श्वभूमी, दुकानाचं पान असं काहीबाही हवंसं वाटू लागतं, आणि 'सर्व कामांसाठी एकच' अशी जाहिरात करणारी अवजड थीम घरात येते.

अशा थीमचा तोटा दुहेरी आहे. तुम्ही न वापरलेल्या सोयींचा कोडही सर्व्हरवर असतो आणि त्यातली भोकंही तुमचीच होतात. दुसरा तोटा थीम बदलायच्या दिवशी कळतो. अनेक अवजड थीम पानाचा मजकूर स्वतःच्या शॉर्टकोडमध्ये, म्हणजे फक्त त्याच थीमला कळणाऱ्या छोट्या सूचनांमध्ये, गुंडाळून ठेवतात. थीम काढली की पानावर चौकटी कंसांतल्या सूचनांचा ढीग उरतो आणि सगळी पानं पुन्हा बसवावी लागतात. त्या भीतीने मंडळं जुनाट, कुणी सांभाळत नसलेली थीम वर्षानुवर्षं चालू ठेवतात. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहात शॉर्टकोड किंवा नवे मजकूर-प्रकार थीममध्ये घालायला मनाई आहे ती याचसाठी. मजकुराशी निगडित कामं प्लगिनने (साइटला जादा सोय जोडणाऱ्या वेगळ्या प्रोग्रामने) करावीत, थीमने फक्त मांडणी पाहावी, असा तो नियम आहे.

माझा स्पष्ट सल्ला असा की छोट्या साइटने ब्लॉक थीम घ्यावी. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या वर्डप्रेस ५.९ पासून या थीम वापरात आल्या. त्यांची मांडणी बहुतांशी एचटीएमएल साच्यांत आणि थीम डॉट जेसन नावाच्या एका सेटिंग फाइलमध्ये असते, पीएचपी अगदी थोडं. कोड कमी म्हणजे लपायला जागा कमी आणि तपासायचे कष्टही कमी. वर्डप्रेसबरोबर येणाऱ्या ट्वेंटी ट्वेंटी-फोर किंवा ट्वेंटी ट्वेंटी-फाइव्हवर रंग आणि फॉन्ट बदलून नीटनेटकी मराठी साइट उभी राहते. ती झगमगीत नसते, हे खरं. पण कार्यक्रम किती वाजता आणि कुठे आहे, हे शोधायला आलेल्या माणसाला ते तिथे पटकन सापडतं.

झिप कुणाच्या हातून आली

पैसे देऊन घ्यायची थीम लायसन्स-तपासणी काढून फुकट वाटली, की तिला 'नल्ड' थीम म्हणतात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वर्डप्रेस जीपीएल परवान्याखाली आहे आणि त्यावर चालणाऱ्या थीमचा पीएचपी भागही बहुधा त्याच परवान्याखाली येतो. तो परवाना पुढे वाटायची मुभा देतो. त्यामुळे 'नल्ड म्हणजे सरळ चोरी' एवढ्यावर वाद मिटत नाही. धोका वेगळ्या जागी आहे. ज्या अनोळखी माणसाने फाइल उघडून लायसन्सचा भाग काढला, त्याने आत काय घातलं? कुणी एवढी खटपट करून हजारो थीम फुकट वाटत असेल, तर त्याचा खर्च कुठून निघतो?

डब्ल्यूपी-व्हीसीडी नावाचा मालवेअर हे त्याचं उत्तर आहे. वर्डफेन्स या वर्डप्रेस-सुरक्षेचं काम करणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल दिला. नल्ड थीम आणि प्लगिन वाटणाऱ्या साइटचं जाळं हाच त्याच्या प्रसाराचा मार्ग होता. झिपमध्ये 'क्लास डॉट थीम-मॉड्यूल्स डॉट पीएचपी' अशी दिसायला साळसूद फाइल असायची आणि फंक्शन्स फाइलच्या अगदी वर तिला बोलावणारी एक ओळ. थीम चालू केली की ती वर्डप्रेसच्या मूळ फोल्डरमध्ये स्वतःच्या फाइल टाकायची, साइटवरच्या इतर थीमच्या फंक्शन्स फाइलमध्येही शिरायची आणि त्याच होस्टिंग खात्यावर दुसऱ्या साइट असतील तर तिथेही पोचायची. नंतर मूळ नल्ड थीम काढून टाकली तरी काही फरक पडत नसे. एका खात्यावर मंडळाची, भाच्याच्या दुकानाची आणि सुनेच्या नृत्यवर्गाची साइट असणं आपल्याकडे नवं नाही, म्हणून ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

"अहो, पण साइट तर चालतेय ना?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. चालतेच, कारण असा कोड साइट बंद पाडायला लिहिलेलाच नसतो. एका शिकवणी वर्गाच्या साइटवर मालकांना सगळं ठीक दिसत होतं. पण गूगलमध्ये रोमन लिपीत 'site:' आणि त्याला जोडून त्यांचा पत्ता असा शोध घेतला तर दहावीच्या गणिताच्या पानांखाली जुगाराच्या जाहिरातींची शीर्षकं येत होती. घुसवलेला कोड लॉग-इन केलेल्या माणसाला खरी साइट दाखवत होता आणि गूगलच्या रोबोटला वेगळीच. प्रवेशाच्या हंगामात पालकांनी मोबाइलवर काय पाहिलं असेल, याचा विचार करा. हा शोध आपल्या साइटवर आत्ताच घेऊन बघा, एक मिनिटही लागत नाही.

फुकट म्हणजे वाईट, असा अर्थ मात्र काढू नका. वर्डप्रेसच्या अधिकृत संग्रहातल्या हजारो थीम फुकट आहेत आणि तिथे घेण्याआधी त्यांची तपासणी होते. पैसे दिले म्हणजे सुरक्षित, हेही खरं नाही. अ‍ॅक्सेसप्रेस थीम्स या कंपनीचं उदाहरण मी मुद्दाम सांगतो. सप्टेंबर २०२१ मध्ये तिच्या स्वतःच्या साइटवर घुसखोरी झाली आणि तिथून उतरवल्या जाणाऱ्या ४० थीम आणि ५३ प्लगिनमध्ये चोरदरवाजा बसवला गेला. जेटपॅक या वर्डप्रेस प्लगिनच्या संशोधकांनी ते शोधलं आणि जानेवारी २०२२ मध्ये जाहीर केलं. 'इनिशियल डॉट पीएचपी' नावाची फाइल थीममध्ये होती. ती एकदा चालली की वर्डप्रेसच्या मूळ फाइलमध्ये आपला कोड लिहायची आणि मग स्वतःला पुसून टाकायची. याच कंपनीच्या वर्डप्रेस संग्रहातल्या प्रती मात्र स्वच्छ होत्या. म्हणून एकच थीम दोन्हीकडे मिळत असेल तर संग्रहातलीच घ्या, आणि डॅशबोर्डमधून थेट बसवा, म्हणजे मधे कुणाचा हात लागत नाही.

विकत घ्यायची असेल तर लेखकाकडून किंवा नावाजलेल्या बाजारातून घ्या, आणि मंडळाच्या ईमेलवर खातं उघडून घ्या. भाचा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीला गेला की त्याच्या खाजगी खात्यातलं लायसन्स त्याच्याबरोबर जातं आणि अपडेट थांबतात. हे इतक्या वेळा घडताना दिसतं की खरेदीची पहिली अट मी हीच धरतो.

थीमच्या पानावर काय वाचायचं

चांदण्या आणि अभिप्राय शेवटी वाचा. आधी शेवटच्या अपडेटची तारीख बघा. वर्डप्रेसच्या संग्रहात दोन वर्षांपेक्षा जास्त काळ अपडेट नसलेल्या थीमवर तशी सूचना दिसते. मला स्वतःला एक वर्ष शांत असलेली थीमही नको वाटते, ती अगदी लहान आणि साधी असेल तर गोष्ट वेगळी. त्यानंतर बदलांची नोंद उघडा. 'किरकोळ सुधारणा' एवढंच दहा वेळा लिहिणाऱ्यापेक्षा 'अमुक ठिकाणची सुरक्षेची त्रुटी दुरुस्त केली' असं सांगणारा लेखक भरवशाचा. त्रुटी सगळ्यांच्याच कोडमध्ये निघतात. त्या लपवणाऱ्याची थीम घेतली तर अपडेट का करायचं, हेच तुम्हाला कळत नाही.

मग थीमबरोबर कोणती प्लगिनं येतात ते पाहा. 'सोबत इतक्या हजारांची प्लगिनं मोफत' ही ओळ आकर्षक वाटते, पण खरी गोम तिथेच आहे. स्लायडर रेव्होल्यूशन हे सरकत्या चित्रांचं प्लगिन असंख्य विकाऊ थीमबरोबर दिलं जायचं. त्यात अशी त्रुटी होती की ब्राउझरमध्ये नुसता पत्ता टाइप करून कुणीही सर्व्हरवरची फाइल उतरवून घेऊ शके. ती फाइल डब्ल्यूपी-कॉन्फिग, म्हणजे साइटच्या मुख्य सेटिंगची, असेल तर डेटाबेसचा पासवर्डच हाती येई. फेब्रुवारी २०१४ मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली होती. पण ज्यांच्याकडे ते थीमबरोबर आलं होतं त्यांना अपडेटची सूचनाच येत नसे, कारण लायसन्स थीमच्या लेखकाचं होतं आणि त्याने नवी थीम काढेपर्यंत जुनंच प्लगिन चालू राहायचं. अनेकांना ते आपल्या साइटवर आहे हेही ठाऊक नव्हतं. डिसेंबर २०१४ मध्ये सोकसोक नावाच्या मालवेअरची लाट त्याच वाटेने आली आणि गूगलने ११ हजारांहून अधिक डोमेन धोकादायक ठरवून अडवली. दुरुस्ती निघून तेव्हा दहा महिने झाले होते.

तेव्हा विक्रेत्याला सरळ विचारा: सोबतच्या प्लगिनचं अपडेट मला थेट मिळेल की तुमच्याकडून? 'आमच्याकडून' असं उत्तर आलं तर तेवढी प्लगिनं बसवू नका. थीम त्यांच्याशिवाय उभीच राहत नसेल तर दुसरी बघा.

सपोर्टची मुदतही वाचून घ्या. थीमफॉरेस्टसारख्या बाजारात खरेदीबरोबर सहा महिन्यांचा सपोर्ट असतो, पुढचा वेगळे पैसे भरून. पाच हजार रुपये देताना तुम्ही खरं म्हणजे हा सपोर्ट आणि पुढची अपडेट विकत घेता, चित्रं नव्हेत.

झिप उघडून बघणं

थीम डॅशबोर्डमधून थेट बसवणार असलात तरी झिप एकदा उतरवून आपल्या संगणकावर उघडा. प्रोग्रामर असण्याची गरज नाही. व्हीएस कोडसारखा फुकट एडिटर घ्या, सगळं फोल्डर त्यात उघडा आणि 'सर्व फाइलींत शोध' वापरा. रोमन लिपीत हे शब्द शोधायचे: इव्हॅल (eval), बेस६४_डिकोड (base64_decode), जीझेडइन्फ्लेट (gzinflate), एसटीआर_रॉट१३ (str_rot13). मजकूर गुंडाळून लपवण्याची आणि उलगडून चालवण्याची ही हत्यारं आहेत. शब्द सापडला म्हणजे लगेच घाबरू नका, बेस६४चे सरळ उपयोगही असतात. पण इव्हॅलच्या कंसात बेस६४ आणि त्याच्या कंसात अर्थहीन अक्षरांची ओळी-ओळींची सलग माळ असेल, तर ती थीम तिथेच सोडून द्या. मांडणीचा कोड लपवून ठेवण्याचं कोणतंही प्रामाणिक कारण नसतं.

फंक्शन्स फाइलच्या पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा ओळी निवांत वाचा. कोड घुसवणारे बहुधा टोकांनाच घुसवतात. पहिल्याच ओळीत 'अमुक फाइल असेल तर तिला बोलाव' असं असेल आणि नंतर पीएचपीचं टॅग बंद होऊन पुन्हा सुरू झालेलं दिसलं, तर वरचा तुकडा मूळ लेखकाचा नाही असं समजायला जागा आहे. एखादी ओळ रिकामी वाटली तर उजवीकडे सरकवून बघा, कारण शंभर-दोनशे मोकळ्या जागा सोडून पलीकडे कोड लिहिण्याची युक्ती जुनी आहे. चित्रांच्या फोल्डरमध्ये पीएचपी फाइल असायचं काही कारण नसतं. फूटर फाइलमध्ये अनोळखी साइटचे दुवे असतील तर तेही खटकायला हवं.

कोड वाचताना काय शोधायचं याचा अंदाज यावा म्हणून २०११ मधलं टिमथंब प्रकरण जवळून बघू. टिमथंब ही चित्रं लहान करून दाखवणारी एक छोटी फाइल होती आणि शेकडो थीममध्ये ती असायची. बाहेरच्या साइटवरची चित्रंही ती आणायची, पण फक्त फ्लिकर, ब्लॉगर अशा ठरावीक विश्वासू साइटवरची. मेख त्या तपासणीत होती. पत्त्यात 'ब्लॉगर डॉट कॉम' हे शब्द कुठेतरी आहेत ना, एवढंच ती पाहायची. त्यामुळे हल्लेखोराने स्वतःच्या डोमेनच्या आधी 'ब्लॉगर डॉट कॉम' जोडलं की दार उघडायचं. आणलेली फाइल टिमथंब थीमच्याच कॅश फोल्डरमध्ये ठेवायची. ते फोल्डर इंटरनेटवरून उघडता यायचं आणि फाइल पीएचपी असेल तर ती चालायचीही. मार्क माँडर यांनी त्या ऑगस्टमध्ये ही त्रुटी उघड केली. त्यांची स्वतःची साइट याच मार्गाने फुटली होती. यात टिमथंब लिहिणाऱ्याचा काही वाईट हेतू नव्हता, आणि थीम बंद असली तरी फाइल सर्व्हरवर असेपर्यंत धोका होताच, कारण तिला थेट पत्त्याने बोलावता येत असे. नुसत्या पडून असलेल्या थीम काढून टाका असं मी म्हणतो ते यामुळे.

झिप व्हायरसटोटल या फाइली तपासून देणाऱ्या साइटवर चढवून बघायला हरकत नाही. पण तिथे सगळं हिरवं आलं म्हणजे निर्धास्त झालो असं मानू नका. चार ओळींचा चोरदरवाजा साध्या पीएचपीत लिहिलेला असतो आणि व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामांना तो कित्येकदा कळत नाही.

खऱ्या साइटवर आधी नको

लोकल नावाचा फुकट प्रोग्राम आपल्या संगणकावर वर्डप्रेस उभं करून देतो. तेही नको असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड ब्राउझरमध्येच चालतं, काही बसवावं लागत नाही. नवी थीम आधी तिथे लावा आणि थीम चेक हे प्लगिन चालवा. अधिकृत संग्रहाचे नियम ते थीमवर लावून बघतं. नंतर ब्राउझरमध्ये एफ१२ दाबून नेटवर्कचा भाग उघडा, पान पुन्हा लोड करा आणि कोणकोणत्या डोमेनकडे विनंत्या जातात ते वाचा. गूगल फॉन्ट दिसेल, नकाशा दिसेल, ते समजण्यासारखं आहे. एखादं अगम्य नाव दिसलं तर लेखकाला विचारा. समाधानकारक उत्तर न देणाऱ्याची थीम घेऊ नये.

देवनागरीची परीक्षा

थीमचा दर्जा आपल्यासाठी इथे ठरतो, आणि डेमो बघून तो कधीच कळत नाही, कारण डेमो इंग्रजीत असतो. 'दुसऱ्या फेरीत विठ्ठलवाडीच्या कार्यकर्त्यांनी टाळ्या मिळवल्या' असं एखादं वाक्य शीर्षकात, मेनूत, बटणावर आणि मजकुरात टाकून बघा. 'ऱ्या'तला अर्धा र नीट जोडलेला आहे का? 'ठ्ठ' सुटा पडतो का? वेलांटी आणि रफार वरच्या ओळीला लागून कापले जातात का? इंग्रजीसाठी आखलेल्या थीममध्ये शीर्षकाच्या ओळी जवळजवळ ठेवतात आणि आपल्या मात्रा त्यात चिरडतात. शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवायची इंग्रजी टूम तर मराठीत घातकच, कारण त्याने शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबकळल्यासारखे दिसतात. ही दोन्ही सेटिंगं बदलता येत नसतील तर थीम कितीही सुंदर असो, आपल्या कामाची नाही.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथल्या साइटवर आणखी एक गोष्ट हमखास दिसते. साइटची भाषा हिंदीवर ठेवलेली असते, बडोद्यात गुजरातीवर. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये भाषा 'मराठी' निवडली की पानावर मराठीची खूण लागते आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे आपल्या वळणाचे ल आणि श उमटतात. थीमच्या लेखकाने ही खूण साच्यात कायमची इंग्रजी लिहून ठेवलेली असेल तर सेटिंग बदलूनही काही होत नाही. पानाचा स्रोत उघडून पहिल्या दोन-तीन ओळींत ते लगेच तपासता येतं. फॉन्टच हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी हा मराठी वळणासाठीच घडवलेला आणि फुकट मिळणारा फॉन्ट आहे. मजकुराला तो फार शोभतो.

वेगासाठी पेजस्पीड इनसाइट्स वापरा. मोबाइलवर मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, हे गूगलचं माप पुरेसं आहे. अवजड थीम इथे गळतात.

थीम लावताना आणि लावल्यावर

आधी फाइली आणि डेटाबेस दोन्हींचा बॅकअप घ्या आणि तो होस्टिंगच्या बाहेर ठेवा. थीमच्या फाइलीत स्वतः बदल करणार असाल तर चाइल्ड थीम (मूळ थीमवर उभी राहणारी वेगळी उपथीम) बनवून तिच्यात करा. मूळ फाइलीत बदल केले की पुढच्या अपडेटमध्ये ते पुसले जातात, आणि त्या धाकाने लोक अपडेट करणंच सोडतात. डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये 'डिसअलाऊ_फाइल_एडिट' (DISALLOW_FILE_EDIT) ही सूचना खरी (true) म्हणून लिहा. मग अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी डॅशबोर्डच्या एडिटरमधून थीमचा कोड बदलता येणार नाही. न वापरलेल्या थीम पूर्ण काढून टाका. वर्डप्रेसची एक ताजी मूळ थीम मात्र राहू द्या, म्हणजे चालू थीम बिघडली तर तिच्यावर साइट उभी राहते.

स्वयंचलित अपडेटबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं जातं. अपडेटने मांडणी बिघडू शकते, आणि अ‍ॅक्सेसप्रेससारख्या प्रसंगी विषही त्याच वाटेने येऊ शकतं. पण ज्या साइटकडे वर्षातून चारदा बघितलं जातं तिला जुन्या, जाहीर झालेल्या त्रुटींचा धोका कितीतरी जास्त आहे. मंडळांनी ते चालूच ठेवावं. रोज ऑर्डर घेणाऱ्या दुकानाने मात्र आधी चाचणीच्या प्रतीवर बघून मग अपडेट करावं, आणि त्याला आठवड्यापेक्षा जास्त वेळ लावू नये.

संगणकाच्या थीमबद्दल थोडं

साइटच्या पलीकडेही हीच गोष्ट लागू होते. मार्च २०२४ मध्ये लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपसाठी उतरवलेल्या एका थीमने वापरणाऱ्याच्या खाजगी फाइली पुसून टाकल्या. त्या प्रकारच्या थीमना कोड चालवण्याची मुभा असते हे तेव्हा पुष्कळांना पहिल्यांदा समजलं. विंडोजमध्ये तर थीमची फाइल नुसती फोल्डरमध्ये दिसली तरी लॉग-इनची गुप्त माहिती बाहेर जाऊ शके अशी त्रुटी निघाली आणि मायक्रोसॉफ्टने ती जानेवारी २०२४ मध्ये दुरुस्त केली. २०२३ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीला व्हीएस कोडच्या बाजारात 'थीम डार्क्युला डार्क' सापडली. नाव थीमचं, पण ती संगणकाची माहिती बाहेर पाठवत होती, आणि ४५ हजारांहून जास्त वेळा ती बसवली गेली होती. याउलट क्रोमच्या थीममध्ये जावास्क्रिप्ट किंवा एचटीएमएल नसतंच, फक्त रंग आणि चित्रं असतात. त्यामुळे तिथे काळजी कमी. थीमला कोड चालवता येतो की नाही, हे आधी बघावं.

नल्ड थीम आधीच लावलेली असेल तर

नुसती थीम बदलून भागत नाही, हे वर आलंच आहे. पुढचा क्रम पाळा.

साइट देखभालीवर टाका आणि आहे त्या स्थितीची एक प्रत काढून ठेवा, तपासायला लागते. वर्डप्रेसच्या मूळ फाइली अधिकृत साइटवरून नव्याने आणा. जुनी अ‍ॅडमिन आणि इन्क्लूड्स फोल्डर पूर्ण काढून त्यांच्या जागी नवी ठेवा, वरवर कॉपी करू नका, कारण घुसवलेल्या जादा फाइली तशाच राहतात. प्लगिनंही मुळापासून नवी आणा. डब्ल्यूपी-सीएलआय (वर्डप्रेसला आज्ञा टाइप करून चालवायचं साधन) येत असेल तर वर्डप्रेसच्या आणि अधिकृत संग्रहातल्या प्लगिनच्या फाइली मूळ प्रतीशी जुळतात का ते एकेका आज्ञेत कळतं. थीमसाठी मात्र तशी सोय नाही. तिची तीच आवृत्ती संग्रहातून उतरवून विनमर्ज या तुलना करणाऱ्या प्रोग्राममध्ये दोन फोल्डर शेजारी शेजारी लावून फरक बघावा लागतो. अपलोड्स फोल्डरमध्ये पीएचपी फाइल शोधा. काही प्लगिनं तिथे रिकामी इंडेक्स फाइल ठेवतात, बाकी काहीही संशयास्पद.

वापरकर्त्यांच्या यादीत अनोळखी अ‍ॅडमिन आहे का ते पाहा आणि ठरावीक वेळी चालणाऱ्या कामांची यादीही तपासा. मग होस्टिंग, डेटाबेस, एफटीपी, अ‍ॅडमिन आणि त्या खात्याशी जोडलेला ईमेल, सगळ्यांचे पासवर्ड बदला. डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या गुप्त किल्ल्या नव्याने तयार करा, म्हणजे आधीपासून लॉग-इन असलेले सगळे बाहेर पडतील. त्याच होस्टिंग खात्यावरच्या बाकी साइटवरही हे सगळं करावं लागतं. एक राहिली तर तिच्यातून पुन्हा सगळीकडे पसरतं. गूगल सर्च कन्सोलमध्ये सुरक्षेच्या भागात इशारा असेल तर सफाईनंतर तिथूनच फेरतपासणी मागायची.

आणि ज्यांची माहिती साइटवर होती त्यांना कळवायचं. ही पायरी मंडळं संकोचाने टाळतात आणि मला तेच सगळ्यात जास्त लागतं, कारण लोकांनी ती माहिती विश्वासाने दिलेली असते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती वाजवी काळजीने न जपण्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, तेव्हा गोष्ट नुसत्या संकोचाची राहिलेलीही नाही. संदेश लांबलचक नको. एवढं लिहिलं तरी पुरे: 'मंडळाच्या साइटमध्ये अनधिकृत शिरकाव झाला होता. फॉर्ममध्ये भरलेली नावं, मोबाइल नंबर आणि पत्ते बाहेर गेले असण्याची शक्यता आहे. साइट आता साफ केली आहे. मंडळाच्या नावाने वर्गणी किंवा ओटीपी मागणारा फोन आला तर काहीही देऊ नका आणि अध्यक्षांना कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.' हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाका, आणि ज्या ज्येष्ठ सभासदांकडे व्हॉट्सअ‍ॅप नाही त्यांना फोन करून सांगा.